प्रकाशे येथील खापरांवरील नक्षी आणि सुघटिताची जाण

तापी आणि गोमाई यांच्या संगमावरील प्रकाशे हे गाव यात्रेकरूंना दक्षिणकाशी म्हणून परिचित आहे. पुरातत्त्वज्ञांना ते परिचित झाले ते तेथील पांढरीमुळे. १९५५ साली भारतीय पुरातत्त्व खात्याच्या वतीने बा. कृ. थापर यांनी तेथे उत्खनन केले, तेव्हा हा प्रदेश मुंबई राज्याच्या पश्चिम खानदेश जिल्ह्यात मोडत असे. नंदुरबार जिल्हा १९९८ मध्ये अस्तित्वात आला. सर्वांत खालच्या ताम्रपाषाणयुगीन थरांत प्रथम माळवा पद्धतीची व पुढे तिच्या जोडीस जोर्वे पद्धतीची रंगीत खापरे मिळाली. या कालखंडासाठी थापरांनी इ. स. पूर्व सुमारे १७०० ते १३०० हा काळ सुचविला.

जोर्वे खापरांवरील नक्षी बहुतांशी भौमितिक आहे. तांबड्या पृष्ठभागावर काळ्या रंगात आडवे पट्टे, आत तिरप्या रेघा भरलेले शंकरपाळ्याच्या आकाराचे चौकोन, समांतर नागमोडी रेषा असा तिचा संसार आटोपशीर आहे. पाहणाऱ्यास ती चटकन ‘नेटकी’ वाटते. हा नेटकेपणा कुंभाराच्या अभिरुचीचा पुरावा मानावयाचा काय, हा खरा प्रश्न आहे.

विसाव्या शतकातील मानसशास्त्राने या प्रश्नाची एक बाजू उजेडात आणली. १९२३ मध्ये माक्स वेर्टहायमर यांनी दृष्टी विखुरलेल्या घटकांतून ‘सुघटित’ आकृतीकडे झुकते असे प्रतिपादन केले. १९३३ मध्ये गणितज्ञ बर्कॉफ यांनी सौंदर्याचे माप म्हणजे सुव्यवस्थेस जटिलतेने भागून येणारी संख्या, असे सूत्र मांडले व ते चक्क मातीच्या घटांनाही लावून पाहिले. सूत्र डौलदार खरे, परंतु सुव्यवस्था मोजावयाची कशी हे शेवटी कर्त्याच्याच मर्जीवर राहिले. अधिक पक्का पाया १९६३ मध्ये गार्नर व क्लेमेंट यांनी घातला. नऊ घरांच्या चौकटीत पाच ठिपके, प्रत्येक ओळीत व स्तंभात किमान एक, अशा ९० रचना होतात. फिरविल्याने वा आरशात पाहिल्याने एकमेकींत मिसळणाऱ्या रचना एकत्र केल्या की त्यांचे १७ गट पडतात. काही गटांत आठ रचना, काहींत चार, आणि दोन गटांत एकच एक: अधिकचिन्ह व फुली. गट जितका लहान, तितकी रचना लोकांना चांगली वाटली. चांगुलपणा म्हणजे पर्यायांची अल्पता, असा याचा अर्थ.

हा निष्कर्ष कुंभारापेक्षा संशोधकास अधिक लागू पडतो. हातात असते ते बोटभर खापर. त्यावरील तीन चौकोनांवरून उरलेला पट्टा मनात आपोआप पुरा होतो, कारण नियमित तुकड्यास दुसरा पर्याय सुचत नाही. परंतु घटाचा परीघ चौकोनाच्या रुंदीने नेमका भागला जाईल असे नाही. हाताने रंगविणाऱ्यास पट्ट्याचा शेवट आरंभास मिळविताना एखादा चौकोन चेपावा लागतो किंवा फट सोडावी लागते. हा सांधा परिघाच्या अल्पशा भागातच असल्यामुळे बहुसंख्य खापरांवर तो येतच नाही. परिणामी मूळ नक्षी होती त्याहून नियमित भासते. शिवाय आडवे पट्टे हे तर चाकाचेच काम: कुंचला स्थिर धरला व घट फिरला की रेषा सरळ उमटते. तिचे श्रेय अभिरुचीस देणे घाईचे होईल. तिरप्या रेघांना मात्र चाकाचे साहाय्य नाही, आणि हात तेथेच पारखावा.

तापीकाठच्या सावळदे या स्थळावरून नाव मिळालेली खापरे येथे विचारात घेण्याजोगी आहेत. दायमाबाद येथे ती माळवा व जोर्वे थरांच्याही खाली आढळली. त्यांवर भौमितिक आकृत्यांसह बाणाग्रे, मासे धरण्याचे गळ, पशुपक्षी रंगविलेले आहेत. गार्नरच्या मोजपट्टीवर सुटा गळ फुलीच्या बराच खाली उतरेल; पण तो काढणाऱ्यास गळच दाखवावयाचा होता. सावळदे ते जोर्वे हा क्रम अभिरुचीच्या प्रगतीचा मानण्यात म्हणूनच अडचण आहे.

सावळद्याच्या खापरावर गळाचे टोक तुटले असेल तर ते कसे वळले होते याचा अंदाज कोणी सहसा करीत नाही. रेखाचित्रातही ते तुटलेलेच राहते. जोर्वे पट्टा मात्र काठापर्यंत बिनदिक्कत ओढला जातो. तेथे प्रत्यक्ष दिसणारा भाग अखंड रेषेने व कल्पिलेला भाग तुटक रेषेने दाखविला, तर सांध्याची जागा निदान मोकळी राहील.