चांदीच्या पाच विटा

राजोडीच्या किनाऱ्यावर रात्री उभं राहिलं की समुद्र दिसत नाही, फक्त ऐकू येतो. मागे सुरूची झाडं, पुढे काळोख, आणि त्या काळोखात लांबवर मासेमारी बोटींचे दोन-चार दिवे. मी लहान असताना घरातली मोठी माणसं त्या दिव्यांकडे बोट दाखवून म्हणायची, "पूर्वी हे सगळे मासेमारीचे नसायचे." त्यावर सगळे हसायचे आणि विषय बदलायचा. आमच्या किनारपट्टीवर स्मगलिंगच्या गोष्टी अशाच सांगितल्या जातात, अर्ध्या हसण्यात आणि अर्ध्या गप्प बसण्यात.

मोठा झालो, इंजिनिअर झालो, सॉफ्टवेअर कंपनीत लागलो. आमच्या कामात काही बिघडलं की पहिला प्रश्न "कोणी केलं" हा नसतो. पहिला प्रश्न असतो, "हे आत आलं कुठून?" याच प्रश्नामुळे मी १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांबद्दल वाचायला लागलो. त्यावर सिनेमे भरपूर आहेत, पण सिनेमात गँगस्टर असतो आणि इन्स्पेक्टर असतो. मधला रस्ता कोणी दाखवत नाही. या गोष्टीतला सगळ्यात महत्त्वाचा भाग मात्र तो मधला रस्ताच आहे.

सुरुवात सोन्यापासून करावी लागते.

१९६२ च्या चीन युद्धानंतर देशाची परकीय गंगाजळी आटली होती. अर्थमंत्री मोरारजी देसाईंनी १९६३ च्या जानेवारीत सुवर्ण नियंत्रणाचे नियम आणले. १४ कॅरटपेक्षा शुद्ध दागिने घडवायला बंदी आली. पुढे १९६८ मध्ये त्याचा रीतसर कायदा झाला. लोकांनी सोनं वापरणं सोडावं हा हेतू. पण लग्नात मुलीच्या अंगावर सोनं घालायचं नाही, हे आपल्याकडे कोण ऐकणार? सोनारांचा धंदा बसला, मागणी तशीच राहिली. बाहेर सोनं स्वस्त, आत महाग, आणि मध्ये समुद्र. दुबईत सोनं खरेदी करणं कायदेशीर होतं. तिथून गलबत निघायचं आणि गुजरातपासून गोव्यापर्यंत कुठेतरी माल उतरायचा. आमच्या उत्तरेला दमण. १९६१ च्या डिसेंबरपर्यंत ते पोर्तुगीजांकडे होतं, आणि नंतरही तस्करीतलं त्याचं नाव पुसलं गेलं नाही. सुकर नारायण बखिया हा तिथला. मुंबईत त्याचा जोडीदार हाजी मस्तान, जो एकेकाळी गोदीत हमाली करत होता.

धंद्याची रचना साधी होती. मोठं गलबत किनाऱ्यापासून लांब थांबायचं. गावातल्या होड्या आणि ट्रॉलर भरतीचं गणित बघून त्याला भेटायला जायच्या. माल किनाऱ्यावर आला की गावातलीच माणसं तो खांद्यावरून ट्रकपर्यंत न्यायची. हे सगळं जुळवणाऱ्या स्थानिक माणसाला 'लँडिंग एजंट' म्हणत. त्याचं खरं भांडवल म्हणजे ओळखी. कस्टमची जीप कोणत्या रात्री कोणत्या रस्त्यावर असेल, नाक्यावर ड्युटीला कोण आहे आणि कोणाला किती द्यायचं, हे त्याला माहीत असायचं. दर ठरलेले असायचे. म्हणजे हप्ता ही त्या व्यवस्थेतली गडबड नव्हती, व्यवस्था चालायचीच हप्त्यावर.

गावकऱ्यांच्या नजरेत यात पाप फार नव्हतं. सोनं आहे, चांदी आहे, घड्याळं आहेत. कोणाचा जीव जात नाही. सरकारचा कर बुडतो, बुडू दे. एका रात्रीच्या हमालीत महिन्याभराची कमाई. पाठीवर गोणी घेणाऱ्याने आत काय आहे हे विचारायचं नाही, एवढाच नियम.

१९७४ मध्ये सरकारने कॉफेपोसा कायदा आणला, आणीबाणीत बडे स्मगलर तुरुंगात गेले. मग पुढची पिढी आली. तिच्यातल्या दाऊद इब्राहिमचे वडील मुंबई पोलिसांत हवालदार होते. १९९० मध्ये सुवर्ण नियंत्रण कायदा रद्द झाला. १९९२ मध्ये परदेशातून परतणाऱ्या भारतीयांना शुल्क भरून ५ किलोपर्यंत सोनं आणायची मुभा मिळाली. सोन्याच्या तस्करीतला नफा आटायला लागला. पण होड्या होत्या, ट्रक होते, एजंट होते आणि महिन्याच्या महिन्याला पाकिटाची सवय झालेले अधिकारीही होते. रस्ता तयार होता, फक्त माल बदलायचा होता.

६ डिसेंबर १९९२ ला बाबरी मशीद पाडली गेली. त्या महिन्यात आणि पुढच्या जानेवारीत मुंबई पेटली. श्रीकृष्ण आयोगाच्या नोंदीनुसार या दंगलींत ९०० माणसं मेली. त्या आगीतूनच सूडाचा कट उभा राहिला, आणि कटवाल्यांनी माल आणायला तोच जुना रस्ता निवडला.

९ जानेवारी १९९३ ची रात्र. रायगड जिल्ह्यातल्या दिघी जेट्टीवर माल उतरला. चांदी होती, तिच्याबरोबर शस्त्रं आणि दारूगोळाही होता. ट्रक निघाले आणि गोंडघर फाट्यावर श्रीवर्धन ठाण्याच्या पोलिसांनी ते अडवले.

इथे जरा थांबा. पोलीस झोपले नव्हते. योग्य रात्री, योग्य फाट्यावर, योग्य गाड्यांसमोर ते उभे होते. ज्याला आपण यंत्रणा म्हणतो ती त्या क्षणी व्यवस्थित चालली होती. त्यांनी ट्रक उघडून नीट पाहिले असते, पंचनामा केला असता, तर पुढचा इतिहास कदाचित वेगळा झाला असता.

त्याऐवजी घासाघीस झाली. आकडा ठरला. तेवढी रोख रक्कम स्मगलरांकडे त्या वेळी नव्हती. मग पोलिसांनी चांदीच्या ५ विटा तारण म्हणून ठेवून घेतल्या आणि ट्रक सोडले. उरलेले पैसे द्या, विटा परत न्या.

लाचेसाठी तारण! मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुन्हा वाचलं. आपण सोनं गहाण ठेवून कर्ज काढतो, तसा हा व्यवहार. त्यात भीती नाही, घाई नाही. दोन्ही बाजूंना खात्री आहे की उद्याही आपण इथेच असू आणि हिशोब पूर्ण करू. एवढा विश्वास एका रात्रीत तयार होत नाही. तो वर्षानुवर्षांच्या व्यवहारातून येतो.

३ आणि ७ फेब्रुवारीला श्रीवर्धनजवळच्या शेखाडी किनाऱ्यावर आणखी दोनदा माल उतरला. या वेळी आरडीएक्स, एके-५६ रायफली, हातबॉम्ब, डिटोनेटर. टायगर मेमन स्वतः हजर होता. वाटेत वांगणी टॉवरजवळ माल उतरवून, लावून, पुन्हा गाड्यांमध्ये भरला गेला. तिथून तो मुंबईकडे आला. त्याआधी, जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात, किनाऱ्यावर शस्त्रं उतरवली जाऊ शकतात अशी सूचना कस्टमच्या अधिकाऱ्यांपर्यंत पोचली होती. म्हणजे माहितीही होती, माणसंही होती आणि गाड्याही होत्या.

१२ मार्च १९९३, शुक्रवार. दुपारी दीडच्या सुमारास शेअर बाजाराच्या इमारतीत पहिला स्फोट झाला. मग काथा बाजार, एअर इंडियाची इमारत, सेंच्युरी बाजार, झवेरी बाजार, प्लाझा सिनेमा. दोन तासांच्या आसपास शहरभर स्फोट होत राहिले. २५७ माणसं मेली, ७१३ जखमी झाली. आणि एक गोष्ट किनाऱ्यावरच्या माणसांनी विसरू नये. त्या दिवशी माहीमच्या मच्छिमार वस्तीवरही हातबॉम्ब फेकले गेले. कोळ्यांच्या समुद्रातून आलेला माल कोळ्यांच्याच दारात फुटला.

तपासाला धागा मिळाला तो एका बेवारस गाडीतून. वरळीला सोडून दिलेल्या मारुती व्हॅनमध्ये शस्त्रं सापडली. गाडीच्या कागदांवरून पोलीस माहीमच्या अल-हुसैनी इमारतीत मेमन कुटुंबाच्या घरी पोचले. घराला कुलूप होतं, कुटुंब देशाबाहेर गेलं होतं. तपासाची जबाबदारी तेव्हाचे वाहतूक शाखेचे उपायुक्त राकेश मारिया यांच्याकडे आली. अटका होत गेल्या, आणि प्रत्येक कबुलीजबाब शहराकडून किनाऱ्याकडे बोट दाखवत गेला. आमच्या वसईच्या खाडीच्या त्या बाजूला, घोडबंदर रस्त्यालगतच्या नागला बंदरच्या खाडीतूनही स्फोटकं बाहेर काढली गेली. लहानपणी ठाण्याला जाताना ही पाटी मी कितीतरी वेळा वाचली असेल. तिथे काय सापडलं होतं हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

मग पोलिसांना पोलिसांचाच तपास करावा लागला. ४ नोव्हेंबर १९९३ ला १८९ जणांवर आरोपपत्र दाखल झालं. त्याच महिन्यात प्रकरण सीबीआयकडे गेलं. आरोपींच्या यादीत मेमन होते, दाऊद होता, सिनेनट होता, शेखाडीत गोण्या वाहणारी माणसं होती आणि खाकी कपड्यातलीही होती. गोंडघर फाट्यावरचे पोलीस, कस्टमचे निरीक्षक, अधीक्षक, सहायक कलेक्टर आणि थेट अतिरिक्त कलेक्टर सोमनाथ थापा.

खटला टाडाखाली चालला. या कायद्यात पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालत असे. त्याचा गैरवापर होतो म्हणून देशभर ओरड झाली आणि १९९५ मध्ये टाडाची मुदत संपू दिली गेली. पण या खटल्याला तोच लागू राहिला. तेरा-चौदा वर्षं लोक तारखा मोजत राहिले. २००६ च्या सप्टेंबरपासून न्यायाधीश प्रमोद कोदे यांनी एकेक निकाल द्यायला सुरुवात केली. १२३ पैकी १०० जण दोषी ठरले, २३ निर्दोष सुटले. ट्रक सोडणाऱ्या उपनिरीक्षकाला जन्मठेप झाली. थापांनाही जन्मठेप झाली, २००८ मध्ये त्यांचा मृत्यू झाला. २१ मार्च २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने अंतिम निकाल दिला तेव्हा पोलीस आणि कस्टमवर कठोर ताशेरे ओढले. त्यांनी आपलं काम केलं असतं तर हा माल शहरापर्यंत पोचला नसता, असा त्याचा मथितार्थ.

मला या सगळ्यात एका प्रश्नाने सोडलं नाही. गोंडघर फाट्यावरच्या त्या पोलिसांना माहीत असतं की आपण २५७ माणसांच्या मरणाला वाट करून देतोय, तर त्यांनी ट्रक सोडले असते का? मला वाटतं, बहुतेकांनी नसते सोडले. ते राक्षस नव्हते. त्यांना वाटलं नेहमीचीच चांदी आहे. पण हीच तर खरी भयंकर गोष्ट आहे. लाच घेतली की ट्रक उघडून बघायचा हक्क आपण विकून टाकतो. त्यानंतर आत काय असेल ते ठरवणं आपल्या हातात राहत नाही. चांदीसाठी उघडलेलं फाटक आरडीएक्ससाठी आपोआप बंद होत नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर, मित्राच्या सोयीसाठी सर्व्हरला ठेवलेली चोरवाट फक्त मित्रच वापरेल याची हमी कोण देणार?

१९९३ नंतर सरकारने 'ऑपरेशन स्वान' सुरू केलं. नौदल, तटरक्षक दल आणि राज्याचे पोलीस मिळून गस्त घालू लागले. तरी २६ नोव्हेंबर २००८ ला 'कुबेर' नावाचा ट्रॉलर बळकावून दहा जण मुंबईच्या समुद्रात आले आणि रबरी बोटीतून कुलाब्याच्या मच्छिमार वस्तीशी उतरले. १६६ माणसं गेली. मग सागरी पोलीस ठाणी आणि गस्तीनौका वाढल्या, मच्छिमारांना ओळखपत्रं आली. आमच्याकडे अर्नाळा सागरी पोलीस ठाणं आहे. आता समुद्रात जाणाऱ्या कोळ्याला कागद दाखवावा लागतो, आणि ते योग्यच आहे. फक्त एक गोष्ट खटकते. दोन्ही वेळा झालेल्या चुकीनंतर जास्तीत जास्त तपासणी वाट्याला आली ती होडीतल्या माणसाच्या. फाट्यावर उभ्या असलेल्या माणसाची तपासणी कोणी करायची, हे तितकंसं ठरलेलं नाही.

आज आमच्या किनाऱ्यावर सोनं उतरत नाही. जाते ती वाळू. वसईच्या समुद्रकिनाऱ्यांवरून आणि वैतरणेच्या खाडीतून चोरटा वाळूउपसा वर्षानुवर्षं चाललेला आहे. शहर वाढतंय, इमारतींना वाळू लागते, आणि समुद्र दरवर्षी सुरूच्या झाडांच्या मुळांपर्यंत थोडा जास्त सरकतो. गाड्या रात्रीच भरतात. वाटेत नाके असतात. "वाळूच तर आहे, कोणाचा जीव जातोय?" हे वाक्य मी स्वतः ऐकलंय, आणि मीही तेव्हा काही बोललो नव्हतो.

गेल्या पावसाळ्याआधी एका रात्री राजोडीला उभा होतो. मागच्या रस्त्यावरून एक डंपर दिवे न लावता गेला. मी मोबाइल काढला, नंबर टिपायला. तोवर तो वळणाआड गेला होता. त्यात काय होतं मला माहीत नाही. शेजारी उभा असलेला मित्र म्हणाला, "सोड रे, वाळू असेल."

असेलही. गोंडघरलाही सगळ्यांना वाटलं होतं, चांदी असेल.