रिसोड ते चिखलदरा: एसटीच्या वाटचालीतला एक घाट

रिसोडला रेल्वे नाही. स्टेशन पाहायचं तर चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवर वाशीम गाठावं लागतं, आणि तिथेही 2008 पर्यंत अकोला-पूर्णा मार्गावर मीटरगेजच धावत होती. त्यामुळे ऋषिवट म्हणून जुनी ओळख सांगणाऱ्या या गावाने बाहेरचं जग पाहिलं ते एसटीच्या खिडकीतून. बाजार, दवाखाना, कॉलेज, सोयरीक, पंढरीची वारी, शेगावचं दर्शन, सगळं तिच्यावरच. डिसेंबर उजाडला की याच गाडीच्या काचेवर ‘प्रासंगिक करार’ अशी पाटी लागते, पुढच्या जाळीवर शाळेचा कापडी फलक बांधला जातो आणि पोरं सातपुड्यात चिखलदऱ्याला निघतात. एसटीचा इतिहास सहसा महसूल, गाड्या आणि संपांच्या अंगाने लिहिला जातो. मला तो या एका सहलीच्या अंगाने मांडायचा आहे. वऱ्हाडातल्या सामान्य घरातल्या मुलामुलींना डोंगर दाखवण्याचं काम या संस्थेने केलं, आणि ते काम तिच्या ताळेबंदात कुठेच दिसत नाही.

1 जून 1948 रोजी पुण्याहून अहमदनगरला पहिली एसटी गेली. किसन राऊत चालक, लक्ष्मण केवटे वाहक. महाराष्ट्रात या घटनेचा वर्धापनदिन दरवर्षी साजरा होतो, पण त्या दिवशी रिसोड ही गाडी चालवणाऱ्या मुंबई प्रांतात नव्हतंच. ते मध्य प्रांत-वऱ्हाडात, अकोला जिल्ह्यात होतं. वाशीमचा जुना जिल्हा 1905 साली अकोल्यात विलीन झाला होता आणि पुन्हा वेगळा व्हायला 1 जुलै 1998 उजाडावा लागला. रिसोडहून दक्षिणेला थोडं गेलं की सेनगाव-हिंगोलीचा मुलूख लागतो, तो निजामाचा. तिथे सरकारी मोटारसेवा आपल्या आधी आली. निजाम स्टेट रेल्वेने 1932 साली 27 गाड्या घेऊन रस्ता वाहतूक सुरू केली होती. म्हणजे वऱ्हाडचा हा कोपरा दोन राज्यांच्या वाहतुकीच्या मधोमध बसला होता. 1 नोव्हेंबर 1956 च्या राज्य पुनर्रचनेने विदर्भ आणि मराठवाडा मुंबई राज्यात आले, तिकडच्या सेवा एका महामंडळात सामावल्या, आणि महाराष्ट्र झाल्यावर 1961 मध्ये महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ आकाराला आलं. नकाशावरची सीमा पुसायला एक दिवस पुरला. पण सेनगावची लेक रिसोडला नांदायला आली आणि दर सणाला माहेरी जाऊ लागली, ती मात्र एसटीची फेरी सुरू झाली म्हणून. आज रिसोडला स्वतःचं आगार आहे, महामंडळाच्या अकोला विभागातलं.

चिखलदऱ्याचा रस्ता आमच्यासाठी कसा खुला झाला, हे कळायला तो आधी कुणाचा होता ते पाहावं लागेल. चिखलदऱ्याशेजारच्या गाविलगडावर बहामनी, इमादशाही, पुढे नागपूरकर भोसले यांचा अंमल होता. 15 डिसेंबर 1803 रोजी आर्थर वेलस्लीच्या फौजेने तो घेतला; किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडला. त्यानंतर वीस वर्षांनी, 1823 मध्ये, हैदराबादच्या पलटणीतला कॅप्टन रॉबिन्सन या पठारावर आला आणि इंग्रजांच्या नजरेत ही जागा भरली. 1853 मध्ये वऱ्हाड त्यांच्या ताब्यात गेल्यावर अकोला-अमरावतीच्या उन्हाने हैराण झालेले साहेब मे महिन्यात इथे येऊन राहू लागले. हरिकेन, प्रॉस्पेक्ट ही इथल्या पॉइंटांची नावं त्याच काळाची खूण आहेत. शेजारच्या मरियमपूरला मिशन वसलं, उतारांवर कॉफी रुजली. ती आजही टिकून आहे. डोंगर मुळात कोरकूंचा आणि गवळ्यांचा, बंगले साहेबांचे, आणि खाली पंचेचाळीस अंशांत कापूस पिकवणारा कुणबी या दोन्हींत कुठेच नाही. मूर्तिजापूरहून अचलपूरला जाणारी छोटी रेल्वे, आपली शकुंतला, 1913 साली आली. पण तीसुद्धा पायथ्याच्या अलीकडेच थांबायची. वरचा घाट बैलगाडी किंवा टांग्याचा, आणि तिथे जाऊन राहण्याची ऐपत मोजक्यांचीच.

हा घाट सगळ्यांचा झाला तो परतवाड्याहून सुटणाऱ्या लाल गाडीमुळे. बाजाराला आलेली कोरकू बाई, वनखात्याचा कर्मचारी, नवं जोडपं आणि रिसोडच्या शाळेतली पोरं एकाच बाकाच्या रांगेत बसू लागली.

सहल ठरते कशी, ते सांगायलाच हवं, कारण तिचं सगळं शहाणपण त्या खटपटीत आहे. दिवाळीची सुट्टी संपली की मुख्याध्यापकांचा अर्ज आगार व्यवस्थापकांकडे जातो. मार्ग लिहून द्यायचा: रिसोड, शिरपूर, मालेगाव, मेडशी, पातूर, अकोला, पुढे अकोट किंवा दर्यापूरवरून अंजनगाव, परतवाडा, चिखलदरा. जाऊन-येऊन पाचशे किलोमीटरच्या आसपास. गाडी उभी राहिली तरी दिवसाला ठरावीक किमान किलोमीटरचे पैसे धरले जातात, म्हणून मास्तर लोक वाटेत अजून काय बसतंय ते बघतात. मुक्तागिरीचा धबधबा आणि जैन मंदिरं, किंवा त्याच दिवसांत भरलेली बहिरमची यात्रा. रक्कम आगाऊ भरायची आणि परत आल्यावर हिशोब जुळवायचा. शैक्षणिक सहलीला महामंडळ निम्म्या दराची सवलत देतं. ही सवलत नसती तर सोयाबीनचा भाव पडलेल्या वर्षी निम्मी पोरं वर्गातच राहिली असती. वर्गणी गोळा करताना मास्तरांना हे बरोब्बर कळतं. कुणाचे पैसे हप्त्याने येतात, कुणाचे येतच नाहीत, आणि एखादे गुरुजी दोन-तीन पोरांचे पैसे कुणाला न सांगता स्वतःच्या खिशातून भरतात. असे गुरुजी मी पाहिले आहेत, म्हणून हे लिहितो आहे.

पहाटे चारला स्टँडवर अर्धं गाव जमतं. आया डब्यात दशम्या, ठेचा, शेंगदाण्याची चटणी भरून देतात आणि ड्रायव्हरला बजावतात, “भाऊ, घाटात जरा सांभाळून हाकजा.” चालकही मनावर घेतो. करारावर जाणारा चालक हा त्या दोन दिवसांपुरता सहलीतला वडीलधारा माणूस असतो; पोरं त्याला काका म्हणतात, त्याच्याआधी कुणी ताटावर बसत नाही. पातूरपर्यंत गाणी, अकोल्यापर्यंत भेंड्या, अंजनगावला डबे उघडतात आणि परतवाडा सुटलं की सगळे आपोआप गप्प होतात. पैनगंगेच्या खोऱ्यातल्या पोरांना टेकड्या माहीत असतात. पण वळणावर गाडी झुकते आणि खिडकीखाली रस्त्याऐवजी दरीच दिसते, ते त्यांनी कधी पाहिलेलं नसतं. एखादी पोर डोळे मिटून घेते. एखाद्याला मळमळतं, मागून लिंबू आणि आलेपाक पुढे सरकतो.

वर पोचल्यावर मात्र जत्राच असते. शक्कर तलावात होड्या, तलावाकाठी घोडे, भाजलेली कणसं, रबडी, मोथ्याच्या स्ट्रॉबेरीचे द्रोण, काळे चष्मे लावून फोटो. पंचबोल पॉइंटवर सगळी शाळा एकदम ओरडते आणि समोरच्या डोंगरांकडून आपलंच नाव परत येतं तेव्हा पाचवीपासून दहावीपर्यंतची पोरं सारखीच खुळावतात. भीमकुंडावर गुरुजी कीचकाची गोष्ट सांगतात: भीमाने त्याला मारून दरीत लोटलं आणि इथे हात धुतले. देवी पॉइंट, मोझरी पॉइंट, गाविलगडाचा दरवाजा आणि तोफा पाहून होईपर्यंत अंधार पडतो. थंडी वाजते म्हणून एका पांघरुणात तिघं झोपतात. वर्गात एकमेकांशी न बोलणारी पोरं तिथे भाकरी वाटून खातात. अशी सहल वर्षातून एकदा तरी प्रत्येक मुलाच्या वाट्याला यावी, यासाठी मी कुणाशीही भांडायला तयार आहे.

पण ही जत्रा ज्या जंगलात भरते ते मेळघाट आहे. व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हा 1973-74 मध्ये देशातल्या पहिल्या नवांत त्याचं नाव होतं. चिखलदरा म्हणजे विदर्भातलं एकमेव थंड हवेचं ठिकाण, वऱ्हाडच्या मैदानापेक्षा जवळपास दुप्पट पाऊस घेणारं, आणि तरी उन्हाळ्यात पाण्यासाठी तगमगणारं. सुट्टीच्या दिवशी तिथल्या वस्तीपेक्षा पाहुणे जास्त होतात. सिडकोने दोन पॉइंटांच्या मधली दरी ओलांडणाऱ्या 407 मीटर लांबीच्या काचेच्या स्कायवॉकचं काम हाती घेतलं, ते परवानग्यांसाठी मध्येच थांबलं, आणि तेव्हापासून गावात त्याचीच चर्चा जास्त. त्याने धंदा वाढेल, हे खरं. पण माझं मत विचाराल तर या डोंगराला आधी हवी आहे पाण्याची सोय, कचऱ्याची सोय आणि जास्तीच्या एसटी फेऱ्या. चाळीस पोरांची एक बस घाट चढते तेव्हा दहा मोटारींचा धूर आणि दहा मोटारींची जागा वाचते.

महामंडळाचा पुढचा प्रवास सरळ झाला नाही. 1982 च्या दिल्लीतल्या आशियाई खेळांसाठी बांधलेल्या गाड्या परत आल्या आणि लोकांनी त्यांना ‘एशियाड’च म्हणायला सुरुवात केली. तिच्या मऊ सीटवर बसणं ही तेव्हा चैन होती. पुढे खासगी ट्रॅव्हल्स आल्या, शाळांच्या सहलीही त्यांच्याकडे गेल्या. फेब्रुवारी 2016 मध्ये मुरुडच्या समुद्रात पुण्याच्या कॉलेजातली मुलं बुडाली आणि सारा महाराष्ट्र हळहळला. त्यानंतर सहलींवरचे नियम कडक झाले: पूर्वपरवानगी, पालकांचं संमतिपत्र, पाण्याच्या आणि कड्याच्या जागांबद्दल सावधगिरी. काही शाळांनी कागदपत्रांच्या धास्तीने सहलच बंद केली. नियम आवश्यक आहेत, पण त्यांच्या आडून मुलांना घरी बसवणं हा त्यांचा अर्थ नाही. मग मार्च 2020 मध्ये गाड्याच उभ्या राहिल्या, आणि 2021 च्या नोव्हेंबरपासून एप्रिल 2022 पर्यंत महामंडळाच्या राज्य सरकारातल्या विलीनीकरणाच्या मागणीसाठी कर्मचाऱ्यांचा संप चालला. कितीतरी पोरं पंचबोलचा आवाज न ऐकताच दहावी पास होऊन गेली. त्या संपात चालक-वाहकांच्या घरांत चूल कशी पेटत होती, तेही रिसोडच्या लोकांनी पाहिलं आहे.

नंतर एक चांगली गोष्ट घडली. ऑगस्ट 2022 मध्ये पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत प्रवास मिळाला आणि 17 मार्च 2023 पासून बायकांना निम्मं तिकीट. ही सवलत कराराच्या गाडीला नाही, रोजच्या फेऱ्यांना आहे. त्यामुळे बचत गटाच्या, भजनी मंडळाच्या बाया अकोल्याला गाडी बदलत, परतवाड्याला पुन्हा बदलत, हातात पिशव्या घेऊन स्वतःच्या स्वतः चिखलदऱ्याला जाऊ लागल्या आहेत. पोराला सहलीला पाठवताना पहाटे स्टँडवर उभी राहिलेली आई आता स्वतः शक्कर तलावात होडीत बसते. ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांचे डबे भरले त्यांची ही पहिली सहल आहे, आणि महामंडळाच्या वाटचालीतलं हे पान मला सर्वांत मोलाचं वाटतं.

अडचण आहे ती गाड्यांची. जुन्या गाड्या मोडीत निघतात, नव्या येईपर्यंत आगाराला रोजच्या फेऱ्या भागवणंच जड जातं, आणि सहलीचा अर्ज आला की “गाडी शिल्लक नाही, पुढच्या हप्त्यात बघू” असं उत्तर मिळतं. पुढच्या हप्त्यात घटक चाचणी असते. म्हणून डिसेंबर आणि जानेवारी या दोन महिन्यांसाठी प्रत्येक ग्रामीण आगारात सहलींकरिता काही चांगल्या गाड्या आणि घाटाचा सराव असलेले चालक आधीच राखून ठेवावेत, आणि त्यांचं वेळापत्रक जुलैतच शाळांना कळवावं. सवलतीपोटी होणारी तूट शिक्षण खात्याने महामंडळाला वेळेवर भरून द्यावी. तसं झालं तर मुख्याध्यापकांना दिवाळीनंतरच्या अर्जासाठी आगाराचे खेटे घालावे लागणार नाहीत, आणि वर्गणीची पहिली यादी शाळा सुरू झाल्यावर पंधरा दिवसांत लावता येईल, म्हणजे हप्त्याने पैसे देणाऱ्या घरांना पाच-सहा महिने मिळतील.