दोन ध्वनींची एक पेटी

ॲलन ब्लुमलाइन या इंग्रज अभियंत्याने १९३१ च्या डिसेंबरात एका एकस्वासाठी अर्ज केला. तबकडीच्या एकाच खाचेच्या दोन भिंतींवर दोन निरनिराळे ध्वनी कोरण्याची युक्ती त्यात सांगितली होती. १९३४ साली लंडनमधील ॲबी रोड येथे बीचमच्या वाद्यवृंदाची तालीम या रीतीने मुद्रितही झाली. परंतु १९४२ च्या जूनमध्ये, रडारची चाचणी चालू असता विमान कोसळून ब्लुमलाइनचा अंत झाला. पुढे अमेरिकेत वेस्ट्रेक्सने १९५७ साली याच तत्त्वावर आधारलेली पद्धती सिद्ध केली आणि १९५८ पासून स्टिरिओ तबकड्या बाजारात आल्या.

अमेरिकन घरांत ही विद्या शिरली ती मात्र फर्निचरच्या रूपाने. मॅग्नाव्हॉक्स, आरसीए, झेनिथ यांनी तबकडीयंत्र, रेडिओ, ध्वनिवर्धक आणि दोन्ही कर्णे एकाच लांबट लाकडी पेटीत बसविले. तीच ‘कन्सोल’ होय. येथे एक विसंगती उद्भवली. स्टिरिओचा सारा प्रभाव दोन कर्ण्यांमधील अंतरावर अवलंबून, आणि पेटी तर दिवाणखान्याच्या भिंतीला शोभेल एवढीच. सोयीने शास्त्रावर मात केली, असेच म्हणावे लागेल. पुढे सुटी यंत्रे घेऊन कर्णे हवे तेथे मांडण्याची चाल पडली, तेव्हा कन्सोलचे दिवस सरले.

आज अशी पेटी कोणी घरी आणली, तर तिला लागलीच वीज जोडणे धोक्याचे असते. जुने कंडेन्सर दशकानुदशके पडून सुकलेले वा गळके झालेले असतात. त्यांतील एखादा आतून जोडला गेला, तर मुख्य ट्रान्सफॉर्मरही जळू शकतो. म्हणून जाणता कारागीर आधी कंडेन्सर बदलतो, नंतर विजेचा दाब हळूहळू वाढवितो. तबकडी फिरविणारे रबरी चाक कडक झालेले असते, वंगण घट्ट झालेले असते, सुई झिजलेली असते. वीज तोडल्यावरही कंडेन्सरात झटका देण्याइतका भार राहू शकतो, याचेही भान ठेवावे लागते. लाकडावरील वेनिअर तर इतके पातळ की, पॉलिशकागदाचा एक जास्तीचा हात त्याचा नाश करील.

एवढे बदलल्यावर जुने ते काय उरले, असा प्रश्न कोणी करील. कित्येकांनी तर आतील यंत्र फेकून पेटीचे कपाट केले. मला हे पटत नाही. सुकलेला कंडेन्सर हा झिजणारा भाग. तो बदलल्याने यंत्राचे यंत्रपण जात नाही. यंत्र काढून टाकल्यास मात्र केवळ लाकूड उरते. उलटपक्षी, कर्णे सुटे करून दूर मांडल्यास ध्वनी सुधारेलही. परंतु एका पिढीने दिवाणखान्यात बसून जे ऐकले, ते पुन्हा ऐकू येणार नाही. पेटीचा तो दोषच तिच्या काळाची साक्ष आहे. दुरुस्ती करणाऱ्याने यंत्र बोलते करावे. त्याचा आवाज मात्र त्याचाच राहू द्यावा.