रे : एका नावाचा प्रवास

हार्बर मार्गावरच्या गाडीतून डॉकयार्ड रोड सोडले की पुढचे स्टेशन रे रोड. पूर्वेला दारूखाना, मोडीत निघालेल्या जहाजांचे लोखंड. पश्चिमेला घोडपदेवची वस्ती. नाव एवढे आखूड, की ते उच्चारताना कोणाला हाक मारल्यासारखे वाटते. आपल्याकडे ‘अरे’, ‘का रे’ असे म्हटल्यावाचून जिव्हाळाच व्यक्त होत नाही. त्यामुळे हे नाव विलायती आहे याची आठवण मराठी माणसाला सहसा होत नाही.

आपल्याकडे आडनाव गावावरून पडते. चिपळूणचा तो चिपळूणकर, फलटणचा तो फलटणकर. इंग्रजी मुलखात पुष्कळदा उलटा व्यवहार चालतो. माणसाचे आडनाव गावाला चिकटते. पण ‘रे’ या नावाने दोन्ही वाटा तुडवल्या आहेत. स्कॉटलंडच्या अगदी उत्तर टोकाला, केथनेस प्रांतात, रे नावाचे लहानसे खेडे आहे. त्या बाजूच्या मॅके कुळाचा प्रमुख डोनाल्ड मॅके यास 1628 साली सरदारकी मिळाली, तेव्हा तो लॉर्ड रे झाला. म्हणजे गावाचे नाव आधी माणसाला लागले, आणि पुढे अडीचशे वर्षांनी माणसाचे नाव आपल्या मुंबईतल्या रस्त्याला लागले.

मॅके हे आडनावही मोठे फिरस्ते. जॉन मॅके नावाच्या एका शोधकावरून ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडमध्ये मॅके शहर वसले. डब्लिनमध्ये जन्मलेला दुसरा जॉन मॅके अमेरिकेतील नेवाडाच्या चांदीच्या खाणीत कोट्यधीश झाला, अटलांटिकखालून तारायंत्राचे दोर टाकणाऱ्या कंपनीचा धनी झाला, आणि आयडाहोतल्या एका खाणगावाला त्याचे नाव मिळाले. हे सारे एकाच घरचे नव्हेत; पण नाव एकच.

आपला लॉर्ड रे मात्र जन्माने इंग्रजही नव्हता. कुळाची एक शाखा पिढ्यानपिढ्या हॉलंडात स्थायिक झाली होती. डोनाल्ड जेम्स मॅके 1839 साली हेग शहरी जन्मला. तिकडे स्कॉटलंडात कुळाची जमीन 1829 सालीच सदरलंड घराण्याला विकली गेली होती. 1876 साली तो अकरावा लॉर्ड रे झाला, तेव्हा हाती उरला होता तो केवळ किताब. दुसऱ्या वर्षी त्याने ब्रिटिश नागरिकत्व घेतले आणि 1885 साली तो मुंबईचा गव्हर्नर होऊन आला. मौज अशी, की तो मलबार हिलवरून मुंबई इलाख्याचा कारभार पाहत असता 1888 साली त्याचा चुलतभाऊ इनेयस मॅके हॉलंडचा पंतप्रधान झाला!

रेच्या कारकीर्दीत, 1887 साली, मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली. पण त्याची खरी परीक्षा झाली ती क्रॉफर्ड प्रकरणात. आर्थर क्रॉफर्ड हा मुंबईचा पहिला म्युनिसिपल कमिशनर. त्याच्या नावाची मंडई शहराच्या मध्यावर उभी होती. तोच पुढे मध्य विभागाचा कमिशनर असता मामलेदारांकडून बढती-बदलीसाठी पैसे उकळतो, अशी बोंब झाली. 1888 साली रेच्या सरकारने चौकशी लावली. आपल्याच जातभाईविरुद्ध, तेही काळ्या प्रजेच्या साक्षीवर! गोऱ्या समाजाला हे रुचले नाही. साक्ष देणाऱ्या मामलेदारांना सरकारने अभय दिले होते. चौकशी मंडळाने क्रॉफर्डला लाचेच्या आरोपातून मोकळे केले. हाताखालच्या मुलखातील लोकांकडून कर्जे घेतल्याबद्दल मात्र त्याची नोकरी गेली.

मग विलायतेत ओरड सुरू झाली, की लाच दिल्याचे कबूल करणारे मामलेदार खुर्चीवर कसे? वचन एकीकडे राहिले आणि कित्येकांच्या नोकऱ्या गेल्या. दिलेला शब्द सरकारने पाळावा म्हणून 1889 साली पुण्यात सभा झाली. तीत टिळक पुढे होते. लाच देणे त्यांना मान्य होते असे नव्हे. पण ज्याच्या भरवशावर माणूस खरे बोलला, तो भरवसा मोडणे त्यांना अधिक मोठे पाप वाटले. रेने चौकशीचे धैर्य दाखवले, पण त्याचा शब्द शेवटी त्याच्या हातात राहिला नाही.

काळाने या दोघांचा हिशेब मोठ्या गमतीने केला आहे. मुंबईला क्रॉफर्ड मार्केट होते, तसे पुण्याला रे मार्केट होते. 1886 साली उघडलेले. या मंडईच्या खर्चाला पुण्याच्या नगरपालिकेत ज्यांनी विरोध केला, त्यांत जोतीराव फुले होते. पुढे आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने रे मार्केट महात्मा फुले मंडई झाले. आणि मुंबईचे क्रॉफर्ड मार्केटही महात्मा जोतिबा फुले मंडई झाले. आरोपी आणि त्याची चौकशी लावणारा, दोघांच्याही पाट्या उतरल्या, आणि दोन्ही ठिकाणी नाव आले ते एकाच माणसाचे!

उरले ते रे रोड. 12 डिसेंबर 1910 रोजी कुर्ल्याहून रे रोडपर्यंत गाडी सुरू झाली. काही वर्षे हार्बर मार्गाचा शेवट येथेच होता. 1925 साली बोरीबंदर आणि कुर्ला यांच्या दरम्यान विजेची गाडी धावू लागली, तेव्हा ते मधले स्टेशन झाले. अलीकडे, 2024 साली, राज्य सरकारने डॉकयार्ड रोडला माझगाव आणि कॉटन ग्रीनला काळाचौकी अशी नावे सुचवली. दोन्ही बाजूंचे शेजारी त्या यादीत आले. आज ना उद्या रे रोडचीही पाळी येईल, आणि त्यात दुःख मानण्याचे कारण नाही; घोडपदेव हे नाव रेपेक्षा या मातीला जवळचे आहे.

पण पाटी बदलताना तिच्यामागची गोष्ट तेवढी पुसू नये. एका साहेबाने दुसऱ्या साहेबाची चौकशी लावली होती आणि सरकारच्या शब्दावर विसंबून खरे बोललेले मामलेदार त्यात उघड्यावर पडले, ही आठवण आम्हांस आजही उपयोगी आहे. सरकारे बदलली, अभयाच्या भरवशावर खरे बोलणाऱ्या माणसाची काळजी मात्र संपलेली नाही.