नाममुद्रा आणि कुलूप

दिवाळीची संध्याकाळ आहे. फराळाचे डबे निम्मे रिकामे झाले आहेत, माहेरवाशिणी आल्या आहेत, आणि सारे घर दिवाणखान्यात जमले आहे. धाकट्या चिरंजिवांनी एका चित्रपटाची तबकडी यंत्रात सरकवली. मूळ तबकडी रीतसर पैसे देऊन घेतलेली. पण मुलांच्या हातून तिच्यावर ओरखडे पडतील या भीतीने घरीच तिची एक प्रत काढून ठेवलेली, आणि लावली ती ही प्रत. वीसएक मिनिटे सर्व काही यथास्थित चालले. कथेला रंग चढला, आणि एकाएकी आवाज गेला. चित्र हलते आहे, पात्रे ओठ हलवीत आहेत, पण शब्द नाही. आजोबा म्हणाले, "तार निसटली असेल." आजींनी विजेला दोष दिला. तेवढ्यात पडद्यावर पाटी उमटली, तिचा भावार्थ असा : हा मजकूर संरक्षित आहे, या यंत्रावर तो वाजविण्यास परवानगी नाही, सबब आवाज तात्पुरता बंद केला आहे.

हा प्रसंग आम्ही कल्पनेने रंगविला आहे. परंतु २०१० नंतरच्या दशकात जगातील अनेक घरांनी तो प्रत्यक्ष अनुभवला. आपल्याच घरात, आपल्याच पैशाने घेतलेले यंत्र आपल्याला गप्प बसवते, ही गोष्ट मानवी इतिहासात तशी नवीनच. म्हणून काही खटपटी मंडळींनी एक विलक्षण उपाय शोधला. यंत्राच्या पोटात जी आज्ञावली असते, जिला फर्मवेअर म्हणतात, ती नवी काढून जुनी घालावयाची. सुधारणेच्या युगात माणसे हौसेने मागे जाऊ लागली! असे का झाले, हे समजण्यासाठी थोडे मागे, म्हणजे बरेच मागे, जावे लागेल. सुदैवाने वाट आपल्या परभणी जिल्ह्यातूनच जाते.

गोदावरीच्या काठी गंगाखेड आहे. संत जनाबाईंचे हे गाव. तेथून ती पोर लहानपणीच पंढरपूरला दामाशेटींच्या घरी गेली आणि नामदेवांच्या घरची दासी म्हणून आयुष्यभर राबली. तिच्या अभंगांच्या शेवटी तिचे नाव येते. ही झाली नाममुद्रा. सातशे वर्षांत तो अभंग किती कंठांतून गेला असेल! कीर्तनकाराने तो आपल्या चालीत गायिला, वारकऱ्याने टाळावर म्हटला, दळणाऱ्या बाईने जात्याच्या घरघरीत मिसळला. ना कागद, ना करार. पण शेवटी "जनी" हे नाव आले की ऐकणाराला कळते, हे बोल कोणाचे. मुद्रा शब्दांच्या पोटात असल्यामुळे गाणे जेथे जाईल तेथे तीही जाते.

आजच्या तबकडीतील कुलपाची मूळ कल्पना हीच आहे, असे म्हटले तर वाचकांस नवल वाटेल. पण ते खरे आहे. फरक कोठे पडला, ते पुढे पाहू.

नाममुद्रा काही अभेद्य नव्हती. सतराव्या शतकात तुकोबांनी सालोमालो नावाच्या कवीविषयी अभंग रचले आहेत. दुसऱ्याच्या रचनेतील नाव काढून तेथे आपले नाव घालणारा, अशी त्याची कीर्ती आहे. म्हणजे मुद्रा खरवडून काढण्याची विद्या आपल्याकडे साडेतीनशे वर्षांपूर्वीही होती, आणि तिचा ज्याला ताप झाला तो मराठीचा सर्वांत मोठा कवी होता. रचना करणाराची तक्रार खोटी नसते, हे आरंभीच मान्य करावयास हवे. उलट बाजूस, "नामा" या नावाने नंतरच्याही कवींनी लिहिले, त्यामुळे कोणता अभंग मूळ नामदेवांचा आणि कोणता विष्णुदास नाम्याचा, हे निवडता निवडता अभ्यासकांच्या नाकी नऊ आले. असो.

आवाजाला यंत्र मिळाले तरी मुद्रा सुटली नाही. १९०२ च्या नोव्हेंबरात फ्रेड गायसबर्ग नावाचा ध्वनिमुद्रक कलकत्त्यास आला. त्याने ज्यांचे गाणे टिपले त्यांत गौहरजान ही नामांकित गायिका होती. तिच्या ध्वनिमुद्रिकेच्या शेवटी ती इंग्रजीतून आपले नाव सांगते. तबकड्या छापल्या जात जर्मनीत हॅनोव्हरला, आणि तेथील कारागिरांना हिंदी गळे ओळखता येणार कसे? म्हणून गाणाराने आपले नाव घोषित करावे, असा त्यामागील व्यवहार सांगतात. कारण काहीही असो, अभंगाच्या शेवटी जशी जनी, तशी तबकडीच्या शेवटी गौहरजान.

त्या काळी वेगळ्या कुलपाची गरजही नव्हती. लाखेची तबकडी घरी कोणाला बनविता येत होती? मनमाडहून निघून गोदावरीच्या खोऱ्यातून हैदराबादेकडे जाणारा मीटरगेज लोहमार्ग विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर सुरू झाला, आणि शहरी जिन्नस निजामी मराठवाड्यात सुलभपणे उतरू लागले. ज्याच्या घरी फोनो, त्याच्या ओसरीवर सारी गल्ली. एक तबकडी पन्नास माणसे ऐकत, पण तिची दुसरी प्रत काढणे कोणालाही शक्य नसे. ते कुलूप निसर्गाचेच होते.

ते उघडले फितीने. फिलिप्स कंपनीने १९६३ साली लहानशी कॅसेट बाजारात आणली. १९६८ साली परभणीस आकाशवाणीचे केंद्र झाले. पुढे कॅसेटचे यंत्र घरोघर आल्यावर रेडिओवरचे गाणे टिपून घेणे हा पोरासोरांचा उद्योग झाला. दुकानात गाण्यांची यादी द्यावी आणि दोन दिवसांनी भरलेली कॅसेट आणावी, हा रिवाज ज्यांच्या तरुणपणी होता त्यांना आज तो आठवून हसू येईल. प्रल्हाद शिंदे यांचा खडा आवाज याच फितीवरून एस. टी. स्थानकावर, रसवंतीत आणि जत्रेत पोहोचला. चोरट्या प्रतींचाही सुकाळ झाला, इतका की १९८४ साली सरकारला १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती करून शिक्षा कडक करावी लागली. पण फितीला एक अंगचा लगाम होता. प्रतीची प्रत काढली की खरखर वाढे, आणि तिसऱ्या-चौथ्या पिढीत गाण्यापेक्षा वारेच अधिक ऐकू येई.

१९८२ साली आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कने हाही लगाम तोडला. आता आवाज म्हणजे आकडे. आणि आकड्यांची हजारावी प्रत पहिलीइतकीच स्वच्छ. येथून धंदेवाल्यांची झोप उडाली ती उडालीच.

प्रथम जे कुलूप आले ते सभ्य होते. डिजिटल फितीच्या यंत्रात अशी सोय केली की मूळ मुद्रणाची प्रत निघावी, पण त्या प्रतीची प्रत निघू नये. घरच्या माणसाची गरज भागली आणि चोरबाजाराला आळा बसला, अशी ती मधली वाट. पुढे मात्र कुलपे आडदांड होत गेली. डीव्हीडीला गुप्त लिपीचे कुलूप घातले. १९९९ साली ते फुटले, आणि नॉर्वेतील एका कोवळ्या पोरावर खटला भरला गेला. आपल्याच तबकड्या पाहण्याचा त्याला हक्क होता, असे ठरून तो २००३ साली निर्दोष सुटला. २००५ साली तर सोनी बीएमजी या कंपनीच्या काही गाण्यांच्या तबकड्या संगणकात घातल्या की मालकाच्या नकळत एक छुपी आज्ञावली आत दडून बसे, आणि तिच्या आडोशाने इतर उपद्रवी आज्ञावल्यांनाही लपता येई. गहजब झाल्यावर त्या तबकड्या परत मागवाव्या लागल्या.

दाराचे कुलूप फुटते, तर खूण आवाजातच मिसळावी, असा विचार मग बळावला. व्हेरन्स नावाच्या अमेरिकन कंपनीने अशा खुणांचे तंत्र बनविले. २००० च्या सप्टेंबरात संगीत व्यवसायाच्या एका संघाने आव्हान दिले : आमच्या खुणा पुसून दाखवा. प्रिन्स्टनचे प्राध्यापक फेल्टन आणि त्यांचे सहकारी यांनी त्या पुसल्याचे सांगितले; पण त्यावरचा निबंध वाचण्याच्या बेतात असताना खटल्याच्या इशाऱ्याचे पत्र आले आणि २००१ च्या एप्रिलमध्ये त्यांनी तो मागे घेतला. अखेर त्याच वर्षी ऑगस्टात तो वाचला गेला.

याच व्हेरन्सची पुढची करामत म्हणजे सिनाव्हिया. दिवाणखान्यातील आवाज बंद करणारी ती हीच. चित्रपटाच्या ध्वनीत कानाला न जाणवणारे सूक्ष्म फेरफार करून खूण विणलेली असते. दुधातले पाणी जसे हाताने वेगळे काढता येत नाही, तशी ती आवाजातून काढता येत नाही. काढू जावे तर आवाजच नासतो. चित्रपटगृहात बसून कोणी चोरून चित्रण केले तरी खूण त्यात उतरते. ब्लू-रे यंत्र ऐकता ऐकता ती ओळखते आणि स्वतःस विचारते, "हा आवाज कुलूपबंद तबकडीतला आहे, मग या तबकडीला कुलूप का नाही?" उत्तर एकच : ही प्रत आहे. मग आवाज बंद. प्रत चोराने काढली की मालकाने आपल्या लेकरांसाठी, हे यंत्राला कळत नाही आणि विचारण्याची त्याला आज्ञाही नाही.

२०१२ च्या फेब्रुवारीपासून नव्याने परवाना घेणाऱ्या ब्लू-रे यंत्रांत हा पहारेकरी बसविणे सक्तीचे झाले. त्याआधीच्या यंत्रांत तो नव्हता. पण काही ठिकाणी तो विक्रीनंतर, नव्या आज्ञावलीच्या पोटातून घरात शिरला. सोनीच्या प्लेस्टेशन ३ या खेळयंत्राची कथा अशीच. काल बोलणारे यंत्र आज मुके झाले, मधे घडले इतकेच की मालकाने "सुधारणा करा" या बटणावर बोट ठेवले.

आता लोक मागे का वळले हे ध्यानात येईल. खूण आवाजातून निघत नाही, पण ती ऐकणारा कान तर यंत्रात आहे! कान नसलेली जुनी आज्ञावली पुन्हा बसविली की झाले. कोणी जुनी फाइल पेनड्राइव्हवर घेऊन यंत्राला भरविली. काही यंत्रांनी ती मुकाट्याने गिळली. बहुतेकांनी मात्र क्रमांक तपासला आणि जुन्याला दार बंद केले. कोठे मधेच वीज गेली आणि यंत्राचा कायमचा दगड झाला. ज्यांना यश आले त्यांच्यापुढे दुसरे कोडे उभे राहिले. नव्या तबकड्यांच्या किल्ल्या वेळोवेळी बदलतात, आणि त्या नव्या आज्ञावलीबरोबरच येतात. म्हणजे मागे गेले तर नवी तबकडी उघडत नाही, पुढे गेले तर जुनी प्रत बोलत नाही. काहींनी यावर साधी तोड काढली : एक जुने यंत्र जपून ठेवावयाचे आणि त्याला सुधारणेचे वारे लागू द्यावयाचे नाही.

कायदा काय म्हणतो? अमेरिकेने १९९८ साली कुलूप फोडणे हाच बव्हंशी गुन्हा ठरविला. आपल्या देशाने २०१२ च्या दुरुस्तीत अधिक समतोल वाट धरली. कलम ६५-अ प्रमाणे हक्कभंगाच्या हेतूने असे संरक्षण तोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद व दंड आहे. परंतु कायद्याने ज्याला स्पष्ट मनाई केलेली नाही अशा कामासाठी ते कलम आड येत नाही. म्हणजे आपला कायदा हेतू विचारतो. यंत्र तो विचारत नाही.

आणखी एक गोष्ट यंत्राला ठाऊक नाही. आपल्याकडे ध्वनिमुद्रणावरील आणि चित्रपटावरील हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षे चालतो; मग ती कृती सर्वांची होते. कायद्याचे कुलूप वेळ भरली की आपोआप गळून पडते. आवाजात विणलेल्या खुणेला मात्र पंचांग नाही. साठ वर्षे उलटल्यावर आपला नातू ती तबकडी उतरवून घेऊ लागला आणि यंत्रात तोच कान असला, तर त्यालाही तीच पाटी दिसेल.

ही भीती पोकळ नाही, हे पाहण्यासाठी पुन्हा परभणी जिल्ह्यातच येऊ. पूर्णा तालुक्यात ताडकळस नावाचे गाव आहे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हिन यांनी महाराष्ट्रभर हिंडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या कामात, विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात, ताडकळसच्या एका गरीब बाईचा आवाज टिपला गेला. घरोघरची जाती तोवर थांबत चालली होती. पिठाची गिरणी आली होती. त्या ओव्या तेथेच विरल्या असत्या. पण फितीवरून संगणकावर, एका साधनावरून दुसऱ्यावर, अशी प्रतीची प्रत होत त्या टिकल्या, आणि आज कोणालाही ऐकता येतात. या प्रवासात एखाद्या यंत्राने वीस मिनिटांनी तोंड मिटले असते, तर?

जुना आवाज जगतो तो प्रतीवर. फीत चिकटते, तबकडीला बुरशी धरते, यंत्रे भंगारात जातात. ज्याची प्रत निघाली तेवढेच उरते. म्हणून रचनाकाराचा मान आणि मोबदला राखणारी खूण अवश्य असावी; तुकोबांचे गाऱ्हाणे विसरून चालणार नाही. पण खूण वेगळी आणि तोंडावर बांधलेली पट्टी वेगळी.

आपल्या घरी आजीच्या आवाजातली एखादी कॅसेट असेल, तर या दिवाळीत ती बाहेर काढावी, आणि जुने यंत्र चालू आहे तोवर तिच्या दोन प्रती करून ठेवाव्यात. गंगाखेडच्या जनीनेही आपल्या बोलांत खूण ठेवलीच होती. तिने आपले नाव सांगितले, आणि गाणाराला गाऊ दिले.