झपाटलेला

भयविनोदी मराठी चित्रपट. प्रदर्शन १९९३, दिग्दर्शक महेश कोठारे. ‘चाइल्ड्स प्ले’ (१९८८) या अमेरिकी भयपटाच्या कल्पनेवर बेतलेल्या कथेत तात्या विंचू हा गुंड मरता मरता मृत्युंजय मंत्राने बाहुल्यात शिरतो आणि लक्ष्याच्या (लक्ष्मीकांत बेर्डे) मागे लागतो.

बाहुला रामदास पाध्ये यांचा. तात्या रंगवला दिलीप प्रभावळकरांनी.

प्रेक्षकांची मते दुहेरी. लहानपणी ज्या बाहुल्याने दरदरून घाम फोडला, त्याच्याच मंत्राची मोठेपणी हौसेने नक्कल होते. कल्पना उसनी, हा आक्षेप घेतला जातो. पण बेर्डे यांची तारांबळ आणि गावरान विनोद अस्सल मराठी, असे चाहते ठणकावतात. खलनायक नायकाइतकाच लोकप्रिय ठरला. त्रिमितीतला दुसरा भाग २०१३ मध्ये प्रदर्शित झाला.