विद्यापीठ आणि शेताचा बांध

विद्यापीठ हे ज्ञानाचे पीठ होय, ही व्याख्या आपण सर्वांनी पाठ केलेली आहे. परंतु ते पीठ कोणाच्या पैशावर उभे राहते आणि तेथे सिद्ध झालेले ज्ञान कोणाच्या दारी पोचते, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. जे विद्यापीठ स्वतःस सार्वजनिक म्हणवते त्याला तर हा प्रश्न टाळता येत नाही. या प्रश्नाची चर्चा करण्यासाठी आम्ही कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या कृषिविषयक कार्याचा इतिहास निवडला आहे. लोकांनी विद्यापीठाला जाब विचारावा आणि विद्यापीठाने उत्तर द्यावे, असे प्रसंग या इतिहासात एकाहून अधिक वेळा आले आहेत.

१८६२ साली, यादवी युद्ध ऐन भरात असताना, अध्यक्ष लिंकन यांनी मॉरिल कायद्यावर स्वाक्षरी केली. काँग्रेसमधील प्रत्येक सभासदामागे ३०,००० एकर सरकारी जमीन राज्यांना द्यावी आणि तिच्या विक्रीच्या उत्पन्नातून शेती व यंत्रविद्या शिकविणारी महाविद्यालये चालवावीत, अशी ही योजना होती. कॅलिफोर्नियाच्या वाट्याला १,५०,००० एकर आले. लोकशिक्षणाची ही योजना उदात्त होती यात संशय नाही. मात्र जी जमीन सरकारी म्हणून वाटली गेली तिचा फार मोठा भाग मूळ रहिवासी जमातींकडून बळाने वा अन्याय्य करारांनी घेतलेला होता, हे विसरून चालणार नाही. लोकांच्या विद्यापीठाच्या पायातच ‘लोक’ कोण, हा प्रश्न असा पुरलेला होता.

२३ मार्च १८६८ रोजी कॅलिफोर्निया विद्यापीठाची स्थापना झाली आणि सहा वर्षांच्या आतच पहिला वाद पेटला. ग्रेंज या शेतकरी संघटनेची तक्रार अशी की, जमीन शेतीच्या नावाने मिळाली, पण विद्यापीठ मात्र अभिजात वाङ्मय व शुद्ध शास्त्रे यांतच रमले आहे. १८७४ साली कृषीचे प्राध्यापक एझ्रा कार यांना पदावरून दूर करण्यात आले, तेव्हा हा असंतोष अधिकच वाढला. शेवटी १८७९ च्या राज्यघटनेत विद्यापीठाला सार्वजनिक न्यासाचे स्थान मिळाले व राजकीय हस्तक्षेपापासून संरक्षणही मिळाले.

शेतकऱ्यांचा विश्वास मात्र घटनेच्या कलमाने मिळत नाही. तो मिळविला युजीन हिलगार्ड या मृत्तिकाशास्त्रज्ञाने. कॅलिफोर्नियाच्या खोऱ्यांत कालव्याचे पाणी खेळू लागले तशा कित्येक जमिनी पांढऱ्या पडू लागल्या. पाण्याचा निचरा झाला नाही म्हणजे खालचे क्षार वर येतात. त्यांत सोडियमचे कार्बोनेट असेल तर जिप्समने त्याची बाधा कमी करता येते, परंतु निचऱ्यावाचून खरा उपाय नाही, असे हिलगार्ड यांनी दाखवून दिले. शेतकऱ्यांनी पाठविलेली माती तपासावी आणि निष्कर्ष सोप्या पत्रिकांतून छापून त्यांच्याकडे परत पाठवावेत, असा त्यांचा प्रघात होता. आपल्या वाचकांना हा विषय परका वाटू नये. नीरा कालव्याखालील खारवट व चोपण जमिनींचा अभ्यास हॅरॉल्ड मॅन आणि त्यांचे सहकारी यांनी १९१० च्या सुमारास पुण्याहून केला, तेव्हा त्यांच्यापुढे हेच कोडे होते.

पुढे १८८७ च्या हॅच कायद्याने प्रयोगकेंद्रांना, तर १९१४ च्या स्मिथ-लीव्हर कायद्याने विस्तारकार्याला केंद्राचे साहाय्य मिळाले. कॅलिफोर्नियातील पहिला कृषी सल्लागार त्यापूर्वीच, १९१३ साली, हंबोल्ट परगण्यात नेमला गेला होता. सल्लागार हवा असेल तर परगण्यातील शेतकऱ्यांनी आधी आपली संघटना उभारावी, अशी विद्यापीठाची अट असे. ही अट व्यवहाराला धरून होती. पण तिचा एक परिणाम असा झाला की, विद्यापीठाशी बोलणारा माणूस हा बहुधा जमिनीचा मालकच राहिला. त्या मालकांच्या शेतांत राबणारे मेक्सिकन, जपानी, फिलिपिनो आणि पंजाबी मजूर या संवादाच्या बाहेरच राहिले.

याचे मोल काय पडले, हे टोमॅटोच्या इतिहासात दिसते. १९४० नंतरच्या दशकाच्या अखेरीपासून डेव्हिस येथे जॅक हॅना यांनी यंत्राचा मार सोसेल आणि एकाच वेळी पिकेल असे वाण निपजविण्याचे काम चालविले, तर कोबी लॉरेन्झन व त्यांचे सहकारी तोडणीचे यंत्र घडवीत होते. १९६४ च्या अखेरीस मेक्सिकोतून करारावर मजूर आणण्याची पद्धत बंद झाली, आणि काही वर्षांतच प्रक्रियेसाठीचा जवळजवळ सारा टोमॅटो यंत्राने तोडला जाऊ लागला. यंत्र महाग होते. ते मोठ्या शेतालाच परवडे. १९६० नंतरच्या दशकाच्या आरंभी सुमारे ४,००० असलेले टोमॅटो-उत्पादक १९७३ पर्यंत सुमारे ६०० वर आले. हजारो मजुरांचे काम गेले.

यंत्र नसते तर हे पीक राज्याबाहेर गेले असते, असे विद्यापीठाच्या समर्थकांचे म्हणणे होते आणि ते निराधार नव्हते. तथापि १९७९ साली ग्रामीण मजुरांच्या वतीने विद्यापीठावर दावा लावण्यात आला. सार्वजनिक पैशाने केलेले संशोधन मूठभरांच्या हिताचे असावे काय, हा त्यातील मुद्दा. १९८७ मध्ये कनिष्ठ न्यायालयाने लहान शेतकऱ्यांच्या हिताचा विचार संशोधनाच्या निवडीत व्हावा, असे म्हटले; १९८९ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने तो निर्णय फिरविला. दावा हरला, परंतु प्रश्न हरला नाही. डेव्हिस येथे लहान शेतकऱ्यांसाठी स्वतंत्र कार्यक्रम सुरू झाला तो १९७९ सालीच, ही गोष्ट बोलकी आहे.

या परंपरेशी आपला एक जिव्हाळ्याचा धागा आहे. वर्ध्यात जन्मलेले पांडुरंग सदाशिव खानखोजे ओरेगॉन व वॉशिंग्टन या राज्यांतील अशाच भूमिदानावर उभ्या महाविद्यालयांत शेती शिकले, गदर चळवळीत पडले आणि १९२४ साली मेक्सिकोत पोचले. चापिंगोच्या राष्ट्रीय कृषिविद्यालयात शिकवीत असताना त्यांनी मक्याच्या वाणांवर संशोधन केले. पण तेवढ्यावर न थांबता खेड्यांतील गरीब शेतकऱ्यांसाठी मुक्त कृषिशाळा काढल्या. जे शास्त्र एका ठिकाणी मालकाच्या बांधापर्यंत येऊन थांबले, तेच त्यांनी पलीकडे नेले. शास्त्र एकच होते. ते कोणासाठी शिकवावयाचे, हा निर्णय निराळा होता.

आपल्याकडे अमेरिकेतील या नमुन्यावर पंतनगरचे विद्यापीठ १९६० साली निघाले. महाराष्ट्रात राहुरी (१९६८), अकोला (१९६९), आणि परभणी व दापोली (१९७२) येथे कृषिविद्यापीठे झाली. विद्यापीठाची पत्रिका निघते, वार्ता छापल्या जातात, शिवारफेऱ्या होतात. हे सर्व आवश्यकच आहे. परंतु वार्ता निघाली म्हणजे ती पोचली असे नव्हे. ती कोणत्या भाषेत लिहिली आहे, आणि जो तिचा वाचक मानलेलाच नाही तो कोण आहे, हे पाहणे हे अध्यापकांचे आणि साहित्यसंस्थांचे काम आहे, असे आम्हांस वाटते. हिलगार्ड यांनी शेतकऱ्याची माती आधी मागविली आणि मग पत्रिका छापली. हा क्रम जेथे उलटतो तेथे ज्ञान विद्यापीठाच्या आवारातच राहते.